वसईचे मठ आणि रमेदीची यात्रा

महाराष्ट्राच्या उत्तर सीमेवर, तलासरी तालुक्यातील अच्छाड या गावी मुंबई-अहमदाबाद महामार्ग गुजरातेत प्रवेश करतो. आज या गावाचे नाव बाहेरच्यांना ठाऊक असते ते मालमोटारींच्या तपासणी नाक्यामुळे. सीमेचा मुलूख हे या टापूचे लक्षण मात्र फार जुने आहे. सोळाव्या शतकात येथून पश्चिमेस समुद्राकडे पोर्तुगीजांचा अंमल होता, तर पूर्वेस डोंगरात रामनगर व जव्हार येथील कोळी राजे राज्य करीत. दमणच्या परगण्यांबद्दल पोर्तुगीज रामनगरकराला उत्पन्नाचा चौथा हिस्सा देत आणि आपल्या दप्तरात त्याला ‘चौथिया राजा’ म्हणत. मराठ्यांच्या इतिहासात पुढे गाजलेला ‘चौथ’ हा शब्द व व्यवहार या डोंगरकडेला आधीच रुळलेला होता. १६७२ मध्ये शिवाजी महाराजांच्या सैन्याने रामनगर घेतल्यावर हाच हक्क पोर्तुगीजांकडे मागण्यात आला. या टापूच्या खाली, दक्षिणेस, डहाणू, तारापूर, केळवे-माहीम, अशेरी अशी ठाणी ओलांडीत गेले म्हणजे या साऱ्या प्रदेशाची तत्कालीन राजधानी जी वसई, तेथे प्रवासी पोहोचतो. दमणपासून चौलपर्यंतच्या या मुलखास पोर्तुगीज ‘उत्तर प्रांत’ म्हणत. गोव्यावरून पाहणाराला तो उत्तरेसच होता.

वसईतील ख्रिस्ती मठांचे अवशेष आणि वसई गावाबाहेरील रमेदीचे यात्रास्थान यांविषयी आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. गर्सन द कुन्या यांचा चौल व वसईच्या पुरातत्त्वावरील ग्रंथ १८७६ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि त्यानंतरचे बहुतेक लेखन त्याच्याच वाटेने गेलेले आहे. या लेखनात सामान्यतः दोन दृष्टी आढळतात. एकीला या भग्न भिंतींत गतवैभव दिसते. सरदारांचे वाडे, सात मजली मनोरे आणि लॅटिन मंत्रांचे घोष यांच्या आठवणीने ती हळवी होते. दुसरीला तेथे परकीय सत्तेच्या जुलमाची आणि त्या जुलमाच्या पारिपत्याची साक्ष दिसते, आणि तिचे सारे लक्ष १७३९ या सालावर खिळलेले असते. दोन्ही दृष्टींत तथ्य आहे. परंतु दोन्ही दगडाकडे पाहतात, आणि जेथे दगड जुना नाही तेथे थांबत नाहीत. याचा परिणाम असा की किल्ल्यातील ओसाड मठांवर प्रकरणेच्या प्रकरणे लिहिली जातात आणि आजही माणसांनी गजबजलेले रमेदीचे चर्च एका तळटीपेत उरकले जाते. या दोन स्थळांपैकी एक ओस का पडले आणि दुसरे का टिकले, हा प्रश्न मात्र त्यामुळे नीट विचारलाच गेलेला नाही. त्याचे उत्तर शोधताना वास्तूंइतकाच, किंबहुना काही ठिकाणी वास्तूंहून अधिक, आधार शब्दांचा घ्यावा लागतो.

प्रथम ‘मठ’ या शब्दाविषयी. युरोपात ज्यांना मठ म्हणून मान होता ती बेनेडिक्टी वा सिस्टर्सियन पंथाची स्थाने म्हणजे मठाधिपतीच्या सत्तेखालील, शेतीवाडीची मालकी असलेली, जवळजवळ स्वयंपूर्ण अशी गावेच होती. असे स्थान पश्चिम किनाऱ्यावर पोर्तुगीज काळात निर्माण झाले नाही. वसईस आले ते फ्रान्सिस्कन, डॉमिनिकन, जेझुइट व ऑगस्टिनियन. यांपैकी पहिले दोन पंथ मुळात भिक्षुकांचे. मालमत्ता न बाळगता लोकांत हिंडावे हे त्यांचे ब्रीद. तत्त्वतः त्यांच्या निवासाला मठाधिपतीचा मठ म्हणता येणार नाही. व्यवहार मात्र निराळा झाला. राजाकडून मिळालेली गावे, इनामे आणि पूर्वीच्या देवस्थानांची काढून घेतलेली उत्पन्ने यांवर या भिक्षुकांची घरे पोसली गेली, आणि दोन पिढ्यांच्या आत ती युरोपातील जमीनदार मठांसारखीच झाली. तेव्हा मराठीत त्यांना मठ म्हटले तर शास्त्राला थोडा धक्का बसेल, वस्तुस्थितीला बसणार नाही.

२३ डिसेंबर १५३४ रोजी गुजरातचा सुलतान बहादुरशहा याने तहान्वये वसई व तिच्या अंमलाखालील मुलूख नुनु द कुन्या या पोर्तुगीज गव्हर्नराच्या हवाली केला. त्यानंतरच्या दशकात फ्रान्सिस्कन धर्मोपदेशक आले. त्यांतील आंतोनियु दु पोर्तु याचे नाव साष्टी आणि वसईच्या इतिहासात देवळे पाडणारा व चर्चे उभारणारा म्हणून एकाच वाक्यात घेतले जाते, आणि ते यथार्थ आहे. फ्रान्सिस झेवियर १५४८ मध्ये वसईस येऊन गेला. जेझुइटांचे विद्यालय याच सुमारास स्थापन झाले. डॉमिनिकनांचा साव गोन्सालु मठ १५८३ मधला, आणि ऑगस्टिनियन त्यानंतरचे. शतक संपता संपता दीड-दोन मैलांच्या तटाच्या आत इतके मठ दाटले होते की व्यापाऱ्यांपेक्षा पाद्रीच अधिक दिसत असावेत.

आज किल्ल्यात शिरणाऱ्या प्रवाशाला सर्वप्रथम जाणवते ती छपराची अनुपस्थिती. भिंती आहेत, मनोरे आहेत, कमानी आहेत. आच्छादन कोठेच नाही. प्रमुख चर्चच्या, म्हणजे पोर्तुगीज ज्याला ‘मात्रीस’ अर्थात मातृचर्च म्हणत त्या सेंट जोसेफच्या दारावर १६०१ सालचा लेख आहे. आलेइशु द मेनेझिश आर्चबिशप असताना ही वास्तू सुधारून बांधली, असा त्याचा आशय. केरळातील सीरियन ख्रिस्त्यांना रोमच्या आज्ञेखाली आणण्यासाठी १५९९ मध्ये उदयंपेरूरची धर्मसभा भरविणारा तोच हा मेनेझिश. फ्रान्सिस्कनांच्या सेंट अँथनीच्या चर्चमध्ये पायांखाली थडग्यांच्या शिळा पसरलेल्या आहेत. त्यांवरील ढाली, नावे आणि सरदारी बिरुदे वाचीत गेले म्हणजे मठाचा आश्रयदाता वर्ग कोण होता हे सांगावे लागत नाही. त्या शिळांवर वसईच्या कुणब्याचे, वाडवळाचे वा कोळ्याचे नाव शोधणे व्यर्थ आहे. ते लोक तटाबाहेर राहत. १६७५ मध्ये येथे आलेला इंग्रज वैद्य जॉन फ्रायर नमूद करतो की ख्रिस्त्यांवाचून कोणालाही रात्री तटाच्या आत झोपण्याची मुभा नव्हती. परंतु बाटलेला शेतकरी ख्रिस्ती झाला म्हणून तो तटाच्या आत वाड्यात राहू लागला असे नव्हे. त्याची वाडी, त्याची विहीर, त्याचे केळीचे बन बाहेरच होते.

जेझुइट चर्चचे दर्शनी अंग सर्वांत सुस्थितीत आहे. त्याला आज सेंट गोन्सालु गार्सियाचे नाव जोडलेले आहे. हा गोन्सालु १५५७ च्या सुमारास वसईस जन्मला. बाप पोर्तुगीज, आई याच भूमीतली. जेझुइटांजवळ शिकलेला हा मुलगा पुढे जपानात व्यापारासाठी गेला, मनिला येथे फ्रान्सिस्कन बंधू झाला आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे इतर पंचवीस जणांसह क्रुसावर मारला गेला. १८६२ मध्ये नववा पायस याने त्याला संतपद दिले. किल्ल्यातील सर्व मठांपैकी ज्या एका वास्तूत उत्सवासाठी पुन्हा माणसे जमतात ती या वसईकर मुलाच्या नावाने ओळखली जावी, आणि ज्यांनी ती बांधली त्यांच्या नावाने नव्हे, ही गोष्ट पुढील विवेचनाच्या दृष्टीने लक्षात ठेवण्याजोगी आहे.

मठांचा ऱ्हास १७३९ मध्ये एकाएकी झाला ही समजूत दुरुस्त केली पाहिजे. १६७४ मध्ये मस्कतच्या अरबांनी वसईस उतरून तटाबाहेरील चर्चे लुटली, आणि आतील शिबंदी भयभीत होऊन तटाच्या आडच राहिली. १६९५ मध्ये इटालियन प्रवासी जेमेल्ली कारेरी येथे आला तेव्हा साथीच्या रोगाने शहराचा मोठा भाग निर्मनुष्य झालेला त्याने पाहिला. मठांची उत्पन्ने कागदोपत्री होती, पण ज्या सरदार कुळांच्या देणग्यांवर आणि मृत्युपत्रांवर ती घरे चालत ती कुळेच विरळ होत चालली होती. मराठ्यांच्या तोफांनी जे पाडले ते अगोदरच पोकळ झालेले होते.

याच कारेरीच्या प्रवासवर्णनात रमेदीचा उल्लेख येतो. डॉमिनिकनांच्या ताब्यातील ‘नोस्सा सेन्योरा दुश रेमेदियुश’ या चर्चमध्ये तो गेला होता. काही वर्षांपूर्वी मोगलांची प्रजा असलेल्या काकाजी नावाच्या पुंडाने टोळी घेऊन येऊन ते जाळले होते, असे तो लिहितो. म्हणजे सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून तेथे असलेले हे स्थान तटाबाहेरच्या चर्चांवर आलेल्या १६७४ च्या संकटातून आणि पुढच्या या जाळपोळीतून गेले, आणि १७३९ च्या मोहिमेत वेढ्याच्या सैन्याचे तळ याच परिसरात पडले. तटाबाहेर असल्यामुळे प्रत्येक संकटाचा पहिला आघात त्याच्यावर झाला. आज तेथे गेलेल्या प्रवाशाला जी इमारत दिसते ती या सर्वांनंतरच्या बांधणीची आणि डागडुजीची आहे. शिल्पाच्या अभ्यासकाला तीत फारसे काही सापडणार नाही, आणि म्हणूनच त्याने तिची उपेक्षा केली. प्रवासी तेथे पाहतो ते निराळे: मेणबत्त्यांचे ताटवे, फुलांचे हार, नवस फेडावयास आलेली कुटुंबे, आणि त्यांत ख्रिस्त्यांबरोबर हिंदूही. किल्ल्यात भिंती आहेत आणि पूजा नाही. रमेदीला पूजा अखंड आहे, भिंती मात्र पुनःपुन्हा बदलल्या.

या चर्चचे मूळ पोर्तुगीज नाव ‘उपायांची’ किंवा ‘औषधांची माता’ अशा अर्थाचे आहे. या नावाची उपासना युरोपात ११९८ मध्ये स्थापन झालेल्या त्रिनिटेरियन पंथाने विशेष वाढविली. सागरी चाच्यांनी व युद्धात धरून नेलेल्या कैद्यांना खंडणी भरून सोडविणे हे त्या पंथाचे कार्य. वसईचे स्थान डॉमिनिकनांकडे असल्यामुळे त्या पंथाशी थेट संबंध जोडता येत नाही, परंतु ज्या किनाऱ्यावर अरबी गलबतांचे भय होते तेथे ही देवता लोकांना जवळची वाटली असल्यास नवल नाही. पोर्तुगालमधील लामेगु येथील याच नावाचे टेकडीवरचे विख्यात यात्राचर्च, ज्याच्या दगडी पायऱ्यांचे चित्र आज सर्वत्र छापले जाते, त्याचे बांधकाम १७५० मध्ये सुरू झाले. त्या वेळी वसई मराठ्यांकडे येऊन अकरा वर्षे झाली होती आणि रमेदीचे स्थान दीडशेहून अधिक वर्षांचे जुने होते. वसईच्या या स्थानाला पोर्तुगालातील मूळ क्षेत्राची फिकट प्रतिकृती समजणारांनी हा कालक्रम ध्यानात ठेवावा.

आता नावाकडे वळू. ‘रेमेदियुश’ चे लोकांच्या तोंडी ‘रमेदी’ झाले, आणि हा बदल अपघाती नाही. मराठीने पोर्तुगीजांकडून घेतलेल्या शब्दांत ध्वनींचे काही नियमित संवाद आढळतात. शेवटच्या नासिक्य संयुक्त स्वराचा मराठीत ‘आव’ होतो: ‘पांउ’ पासून पाव, ‘लेइलांउ’ पासून लिलाव, ‘क्रिस्तांउ’ पासून मराठी कागदपत्रांतील किरिस्ताव. कप्तान हा अपवाद दिसतो, पण तो शब्द इतर भाषांच्या वाटेने आलेला असणे शक्य आहे. शेवटच्या आघातरहित एकाराचा ईकार होतो: पाद्री, मेस्त्री, चावी. ‘नाताल’ चा नाताळ होताना मराठीने आपला ळकार घातला. ‘रेमेदियुश’ मध्ये आघात ‘मे’ वर आहे आणि तो मराठीत जसाच्या तसा राहिला, जसा ‘गामेला’ पासून झालेल्या घमेल्यात राहिला. शेवटचा ‘इयुश’ आखडून ‘ई’ झाला. ‘आर्मारियु’ ची अलमारी होते त्याच न्यायाने. उरला प्रश्न पहिल्या अक्षराचा. लेखनात तेथे एकार आहे, परंतु पोर्तुगीज बोलीत आघातापूर्वीचा एकार अस्पष्ट, जवळजवळ अकारासारखा उच्चारला जातो. मराठी रूपात ‘रे’ नसून ‘र’ आहे. हा ऱ्हास मराठीच्या पोटात झाला असणेही संभवते, आणि पोर्तुगीज उच्चारातील तो बदल केव्हा रूढ झाला याविषयी मतभेद आहेत, म्हणून यावर फार मोठी इमारत उभारू नये. तथापि एवढे निश्चित म्हणता येते की हे नाव पोथीतून वा फलकावरून आलेले नाही. ते कानाने आले. मठातील पाद्र्यांनी शिकविलेले शुद्ध नाव लोकांनी पाठ केले असते तर त्याचे रूप निराळे झाले असते. आणि अर्थाचे काय झाले? ‘रेमेदियु’ म्हणजे औषध हे रमेदीस जाणाऱ्या भाविकांपैकी बहुतेकांना ठाऊक नसते, आणि तरीही आजार, अपत्य, घरातील अडचण यांसाठीच ते तेथे जातात. शब्दाचा अर्थ लोपला, फलश्रुती उरली.

वांद्र्याचे उदाहरण याहून बोलके आहे. तेथील टेकडीवरील मेरीच्या स्थानाला कोळी लोक ‘मोत माउली’ म्हणतात. सप्टेंबरातील तिची जत्रा सर्वश्रुत आहे, आणि सध्याची इमारत १९०४ ची, म्हणजे येथेही वास्तू नवी व यात्रा जुनी. ‘मोत’ हे टेकडीवाचक ‘मोन्ते’ चे रूप. समासाचे पूर्वपद झाल्याने शेवटचा स्वर गळला आणि नासिक्यही गेले. उत्तरपद मात्र शुद्ध मराठी, आणि तेही असे की जे उच्चारताच वारकऱ्यांच्या ज्ञानेश्वर माउलीची आठवण व्हावी. पोर्तुगीज ‘सेन्योरा’ म्हणजे स्वामिनी, धनीण. कोळ्यांनी धनिणीची आई केली. या एका फेरफारात जेवढा इतिहास आहे तेवढा थडग्यावरच्या दहा बिरुदांत नाही.

उलट दिशेचा प्रवासही झाला. अच्छाडहून सीमेपलीकडे, समुद्राच्या बाजूस संजाण आहे; पारशांच्या भारतातील पहिल्या वसाहतीचे हे ठिकाण. पोर्तुगीजांनी ‘संजाण’ हे नाव ऐकले आणि आपल्या कानाने त्याचा ‘साव जेंश’ असा संत करून टाकला. असाच प्रकार बोरिवलीजवळच्या मंडपेश्वराचा. शैव लेण्यात फ्रान्सिस्कनांनी प्रार्थनामंदिर केले, शिवाच्या मूर्तींपुढे भिंत घातली, एका शिळेवर क्रूस कोरला, वर टेकडीवर मठ व विद्यालय बांधले. ईश्वर घालविला, परंतु त्याचे नाव घालविता आले नाही. ‘मंडपेश्वर’ चे ‘मनपासेर’ झाले, त्यातील पहिल्या अक्षरांत कोणाला तरी ‘मोन्ते’ म्हणजे टेकडी ऐकू आली, आणि शेवटी ‘माउंट पॉइन्सर’ हे आजचे चर्चचे नाव सिद्ध झाले. जे मठवासी वरून आज्ञा देत होते तेच येथे मराठी नावाला शरण गेले आहेत. यावर कोणी हसेल, परंतु लोकव्युत्पत्ती ही केवळ अडाण्यांची मक्तेदारी नाही एवढे तरी यावरून सिद्ध व्हावे.

एकंदरीने पाहता पोर्तुगीज शब्दांचा मराठीतील भरणा कोठे आहे? तुरुंग, लिलाव, पगार, चावी, घमेले, पाव, बटाटा, काजू. सत्ता, बाजार आणि स्वयंपाकघर. धर्माच्या क्षेत्रात त्या मानाने फार थोडे आले: पाद्री, नाताळ, आणि स्थानांची काही नावे. भक्तीचे शब्द मराठीच राहिले. याचा सर्वांत मोठा पुरावा म्हणजे उत्तर कोकणातील ख्रिस्त्यांच्या बोलीत रचलेले व १६५९ मध्ये लिस्बन येथे रोमन लिपीत छापलेले फ्रान्सिस्कु वाझ द गिमारायश याचे ख्रिस्ताच्या दुःखभोगावरील पुराण. गोव्याकडील थॉमस स्टीफन्सच्या १६१६ च्या ख्रिस्तपुराणाला जी प्रतिष्ठा लाभली ती या ग्रंथाला कधीच लाभली नाही. त्याची भाषा ग्रंथिक मराठी नव्हे, वाडीतली आहे. परंतु भाषेच्या इतिहासकाराला वाडीतली भाषाच अधिक मोलाची. एकोणिसाव्या शतकातही मुंबईत त्याची पुनर्मुद्रणे झाली, याचा अर्थ पोर्तुगीज सत्ता जाऊन शतक लोटल्यावरही ते वाचणारे व गाणारे लोक होते. मठ पडले तरी पुराण चालू होते.

१७३९ च्या आरंभी माहीम, तारापूर, डहाणू ही ठाणी एकामागून एक मराठ्यांकडे आली. तारापूरच्या हल्ल्यात बाजी भिवराव गोळी लागून पडला. त्यानंतर चिमाजी अप्पांनी वसईला निकराचा वेढा घातला आणि सुरुंगांनी तट फोडल्यावर १६ मे रोजी पोर्तुगीजांनी शरणागतीची कलमे मान्य केली. त्या कलमांत मागे राहणाऱ्या ख्रिस्ती रयतेस आपला धर्म पाळू देण्याची आणि मोजकी चर्चे चालू ठेवण्याची तरतूद होती. सरदार गेले, युरोपीय पंथांचे पाद्री गेले, मठ उघडे पडले. पेशव्यांनी शहराचे नाव बाजीपूर ठेवले, पण ते कोणाच्याही तोंडी बसले नाही. पोर्तुगीजांचे ‘बासाईं’ ही गेले; वसईची वसईच राहिली.

मठांच्या घंटा मात्र गेल्या त्या दूरवर. नाशिकच्या नारोशंकर मंदिरातील, भीमाशंकरच्या, पालीच्या बल्लाळेश्वराच्या आणि वाईजवळील मेणवलीच्या घंटा या मोहिमेतील लुटीच्या मानल्या जातात. नारोशंकराच्या घंटेवर १७२१ हे साल आहे. भीमाशंकरला जाणारा यात्रेकरू ज्या घंटेखाली हात जोडतो तीवर क्रूस आहे, हे त्याला दिसते आणि खटकत नाही. विजयचिन्ह म्हणून आणलेली वस्तू दोन पिढ्यांत पूजेचे साहित्य होते. वसईच्या मठांचा जो एकमेव भाग आजही आपले मूळ काम करीत आहे तो सह्याद्रीवरच्या शिवालयांत आहे, हे विसरता येत नाही.

मागे राहिलेल्या ख्रिस्ती रयतेचा कारभार यापुढे देशी धर्मगुरूंनी पाहिला. येथेच दोन स्थळांच्या निरनिराळ्या दैवाचा उलगडा होतो. मठ हे पंथाचे घर होते. पंथाची माणसे गेली की त्या घराला वारस नसे. रमेदीचे चर्चही डॉमिनिकनांचेच होते, परंतु त्याच्याभोवती सामवेदी, वाडवळ, कोळी यांच्या वाड्या होत्या, आणि नवस बोलणाराला पाद्री कोणत्या पंथाचा याच्याशी कर्तव्य नव्हते. मठाचे उत्पन्न सनदेवर अवलंबून होते आणि सनद राजाबरोबर संपली. यात्रेचे उत्पन्न मेणबत्तीवर, नारळावर, मूठभर पैशांवर, आणि ते ज्यांच्याकडून येई ती माणसे जागची हललीच नाहीत. एकोणिसाव्या शतकात किल्ल्याच्या आवारात उसाची लागवड व साखरेचा कारखाना करण्याचा प्रयत्न झाला तेव्हा कोणी मोठी हरकत घेतल्याचे दिसत नाही. रमेदीच्या आवारात तसे करण्याची कोणाची छाती झाली असती असे वाटत नाही.

वसईच्या परिसरात नवसाची ही भाषा सर्वांना समाईक आहे. चिमाजी अप्पांनी वसई सर व्हावी म्हणून वज्रेश्वरीला नवस बोलला आणि विजयानंतर तिचे मंदिर बांधले गेले, ही आख्यायिका प्रसिद्ध आहे. तटाच्या आतही त्याच दिवसांत मेरीपुढे प्रार्थना चालू असणारच. निर्मळ येथील पवित्र तळे व शंकराचार्यांची समाधी पोर्तुगीज काळात उद्ध्वस्त झाली आणि वसईचे सुभेदार शंकराजी केशव फडके यांच्या काळात तिचा उद्धार झाला. तेथे कार्तिकात भरणाऱ्या यात्रेला ख्रिस्तीही येतात, असे एकोणिसाव्या शतकातील सरकारी गॅझेटियरनेच नोंदविले आहे. निर्मळला जाणारा ख्रिस्ती आणि रमेदीला जाणारा हिंदू यांना एकमेकांच्या धर्मशास्त्राची माहिती असण्याचे कारण नाही. त्यांना एकमेकांच्या देवाचा पत्ता ठाऊक आहे. यावरून पूर्वीचा विध्वंस विसरला गेला असे अनुमान काढणे भाबडेपणाचे होईल. निर्मळची स्मृती चांगलीच जागी आहे. परंतु ती स्मृती आणि ही जवळीक एकाच गावात, कित्येकदा एकाच घरात नांदतात, आणि इतिहासकाराने यांपैकी एकच निवडून दुसरी खोडून टाकणे योग्य नव्हे.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे १९६५ नंतर, लॅटिन उपासनेची जागा लोकभाषेने घेतली तेव्हा वसईत ती भाषा कोणती हा प्रश्न फारसा अवघड गेला नाही. १९५५ पासून ‘सुवार्ता’ मासिक मराठीत निघत होतेच. २२ मे १९९८ रोजी वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला आणि त्याची हद्द डहाणू-तलासरीपर्यंत, म्हणजे अच्छाडच्या नाक्यापर्यंत जाऊन भिडली. २०२० मध्ये उस्मानाबाद येथील अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्याकडे आले. ज्यांनी त्या वेळी आश्चर्य व्यक्त केले त्यांना १६५९ च्या पुराणाची वार्ता नसावी.

तलासरीकडील वारली मुलखातील ख्रिस्ती केंद्रे वसईच्या मानाने अर्वाचीन, विसाव्या शतकातील आहेत. तेथे ना पोर्तुगीज सनदा होत्या ना सरदारांची थडगी. फार तर दक्षिणेस अशेरीच्या गडावर पोर्तुगीज राजमुकुटाचा एक कोरीव दगड पडलेला आहे, आणि त्याला वारली कसलाही अर्थ जोडीत नाहीत. तलासरी येथील जेझुइटांच्या केंद्राचे नाव ‘ज्ञानमाता सदन’ असे आहे. मेरीच्या पारंपरिक लॅटिन उपाधींत ‘ज्ञानाचे आसन’ ही एक उपाधी आहे, तिच्याशी या नावाचे नाते उघड दिसते. येथे परका शब्द कानाने घेतलेला नाही. अर्थ घेऊन संस्कृत-मराठी शब्द घडविलेला आहे. रमेदी, मोत माउली, ज्ञानमाता: पहिल्यात सबंध शब्द उसना, दुसऱ्यात निम्मा उसना, तिसऱ्यात केवळ कल्पना उसनी. पहिली दोन नावे अशिक्षितांनी केली आणि तिसरे विद्वानांनी. तलासरीच्या वाड्यापाड्यांत आज वारली, मराठी आणि गुजराती अशा तीन बोली एकाच बाजारात ऐकू येतात. तेथील बायका हे तिसरे नाव आपसांत कसे उच्चारतात, आणि दोन-तीन पिढ्यांत त्याचे काय रूप होते, याची नोंद घेण्याचे काम अद्याप व्हावयाचे आहे.